बेल हाउसिंगखालचं तेल नेमकं कुणाचं?

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं बोल्टांनी जोडलेले असतात, त्या जोडाखाली तेलाचा थेंब दिसला की आपल्याकडं निकाल आधी लागतो आणि तपास नंतर होतो. गाडीखाली वाकायचं, टॉर्चचा एक झोत मारायचा आणि म्हणायचं, "मेन सील (इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी रबरी कडी) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." हे आता इतकं पाठ झालंय की गिऱ्हाईकच ते बोलत येतं. "मिस्त्री, मेन सील घालायचंय, कधी आणू गाडी?" मी म्हणतो, गाडी आज आणा, सील घालायचं का नाही ते मग ठरवू. काही जणांना हे पटत नाही. फोन ठेवतात आणि दुसरीकडं जातात. जाऊ देत.

माझं गॅरेज कराडात, ओगलेवाडीच्या अलीकडं विटा रस्त्याला. वडापच्या (शेअर भाड्याच्या) जीपा, दुधाचे पिकअप, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर, आणि अधूनमधून पुण्या-मुंबईच्या पाव्हण्यांच्या चकचकीत गाड्या, असा माझा पेशंट वर्ग. यातल्या बहुतेकांना कधी ना कधी हा रोग होतो. आणि हा रोग महागाचा असतो, कारण सील काहीशे रुपयांचं असतं, पण तिथवर पोचायची मजुरी हजारांत जाते. म्हणून त्या जोडाखालचं तेल कुणाचं आणि कुठून आलं हे बोल्टला पाना लावायच्या आधी ठरलं पाहिजे, असं माझं मत आहे. गिअरबॉक्स खाली आल्यावर कारण सापडेलच, या भरवशावर काम करणारे बरेच आहेत. खाली आल्यावर सगळंच तेलकट असतं, मग काय सापडणार?

बेल हाउसिंग म्हणजे ते घंटेच्या आकाराचं घर. त्याच्या आत फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक), क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. हे घर कोरडं असायला पाहिजे. पण त्याच्या दोन्ही भिंतींपलीकडं तेल भरलेलं असतं. पुढच्या भिंतीतून क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याची, शेपटी आत येते, तिच्याभोवती इंजिनाचं मागचं मेन सील. मागच्या भिंतीतून गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट येतो, त्याच्यावर वेगळं सील. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण फ्लायव्हीलच्या मागं, नजरेआड, ब्लॉकला आणखी काही भोकं बुजवलेली असतात. ऑइल गॅलरीचा (आतल्या तेलाच्या वाटेचा) प्लग, कॅमशाफ्टच्या टोकाचं झाकण, आणि बऱ्याच इंजिनांत पाण्याच्या वाटेवरचा पत्र्याचा स्टॉपर. आमच्या भागात रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतणारे खूप. त्या पाण्यानं तो पत्रा आतून गंजत जातो आणि एक दिवस बेल हाउसिंगमधून पाणी यायला लागतं. मग मालक म्हणतो, "रेडिएटर तर नवीन टाकलाय की!"

या सगळ्यांच्या वर पुन्हा टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, टर्बो असेल तर त्याची तेल परतायची नळी. खाली चेंबरची (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीची) मागची कड. आणि बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक किंवा फट मुद्दाम ठेवलेली असते. आत आलेलं तेल क्लचवर साठू नये, बाहेर पडावं, यासाठी. त्या भोकातून थेंब पडतोय म्हणजे तेल आतूनच आलं, असं लोक समजतात. तसं नसतं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं, जोडाच्या फटीत शिरतं आणि त्याच भोकातून टिपकतं. शिवाय गाडी चालताना वारा पुढून मागं लागतो, त्यामुळं पुढच्या भागातली गळतीसुद्धा चेंबरच्या कडेकडेनं सरकत त्या जोडापर्यंत येते. जोड हा सगळ्यांत खालचा, सगळ्यांत मागचा कोपरा. गावातलं सगळं पाणी ओढ्याला मिळतं, तसं इंजिनाचं सगळं तेल तिथं गोळा होतं.

तर पहिलं काम, पदार्थ कुठला ते ओळखायचं. पांढरा स्वच्छ पुठ्ठा खाली सरकवायचा, थेंब पडू द्यायचे, आणि नाक-बोट वापरायचं. डिझेलचं इंजिन ऑइल काळंकुट्ट असतं. कालच बदललेलं असलं तरी काजळीनं लगेच काळं होतं, म्हणून "मी तर नवीन तेल घातलंय" या बोलण्याला अर्थ नाही. गिअर ऑइल मधासारखं राहतं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. एकदा हाताला लागलं की साबणानं दोनदा धुतलं तरी जेवताना आठवण येते. दाटपणावर मात्र जाऊ नका. डब्यावर गिअर ऑइलला ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं असतं आणि इंजिन ऑइलला १५डब्ल्यू-४०, म्हणून लोकांना वाटतं गिअर ऑइल दुप्पट जाड. या दोन्हींच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. गरम झाल्यावर ४० नंबरचं इंजिन ऑइल आणि ९० नंबरचं गिअर ऑइल दाटपणात जवळजवळ शेजारी-शेजारीच बसतात. बोटांत चोळून "जाड लागतंय, म्हणजे गिअरचंच" असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. वासावर आहे. आणि काही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये कंपनीनंच वेगळं, पातळ तेल सांगितलेलं असतं. तिथं वासही फसवतो, म्हणून आधी पुस्तिका बघायची.

ब्रेक ऑइल ओळखायला सोपं. वाटीभर पाण्यात थेंब टाकला की ते पाण्यात मिसळून जातं, इंजिनाचं किंवा गिअरचं तेल वर तरंगतं. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत क्लच दाबणारा सिलिंडर बेल हाउसिंगच्या आतच, इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळाला की जोडाखालून ब्रेक ऑइल टिपकतं, क्लचचं पॅडल मऊ होतं आणि वरच्या बाटलीतली पातळी उतरते. बाटली बघायला झाकणही उघडावं लागत नाही, तरी ती कोणी बघत नाही. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, हाताला चिकट. काही जुने मिस्त्री जिभेला लावून बघायचे, गोड लागतं म्हणून. कृपा करून ते करू नका, ते विष आहे.

आणि एप्रिल-मे महिन्यात निम्मी प्रकरणं साध्या पाण्याची असतात. एसीचं पाणी बाहेर काढणारी नळी बऱ्याच गाड्यांत केबिनच्या पुढच्या पत्र्यातून नेमकी इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाजवळ खाली येते. पुण्याहून माहेरी आलेल्या एक ताई घाबऱ्याघुबऱ्या आल्या होत्या. वाटेत हॉटेलाजवळ कोणीतरी खाली वाकून सांगितलेलं, "सील गेलंय, पुढं नेऊ नका." पुठ्ठ्यावरचा डाग फॅनखाली वाळून गेला. एसी बंद केला, थेंब बंद. पैसे किती म्हणाल्या. मी चहा पाजून पाठवलं.

आता ज्या प्रकरणासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

पाटण खोऱ्यातले एक दाजी आहेत. (सख्खे नव्हेत, सगळं खोरंच त्यांना दाजी म्हणतं.) जुनी डिझेल जीप, वडापची, आठवड्यातून काही फेऱ्या कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला. जाताना काही नाही, येताना चढाला क्लच घसरायचा. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, वर जळका वास. खाली तेल. काही महिन्यांपूर्वी त्यांनी दुसरीकडं मेन सील घातलं होतं, क्लच प्लेटही नवीन टाकली होती. महिनाभर बरं होतं, मग पुन्हा तेच. ज्यांनी काम केलं त्यांचं म्हणणं, सील डुप्लिकेट लागलं, पुन्हा घालू. दाजी पुन्हा पैसे मोजायला तयार होते, पण गाडी उभी ठेवायला तयार नव्हते.

"मिस्त्री, ओरिजनल सील घाला बघा एकदा. पावती दाखवा मला."

"घालीन की दाजी. पण आधी मला हे सांगा, तेल किती कमी होतंय?"

"गेज बघतो मी रोज. चार-पाच दिवसांत थोडं टाकावं लागतं."

हे महत्त्वाचं होतं. थोडंसं पाझरतंय आणि गेजवर (तेल मोजायच्या काडीवर) फरक पडतोय, यात फार अंतर आहे. फक्त ओलसर कडा असेल तर मी बहुतेक वेळा गाडी परत पाठवतो. पण गेज उतरतंय आणि क्लच घसरतोय म्हटल्यावर तपास करायलाच हवा होता.

पुठ्ठ्यावरचे थेंब काळे, गंधकाचा वास नाही. म्हणजे इंजिन ऑइल. गिअरबॉक्सच्या बाजूचा लेव्हल प्लग काढून करंगळी घातली, तेल भोकाच्या काठाला लागलेलं. तिकडचं काही कमी नाही. मग इंजिनाची मागची बाजू, टॅपेट कव्हरपासून चेंबरपर्यंत, डिझेल आणि ब्रशनं घासून काढली, वरून पाण्याचा फवारा, मग हवा मारून खडखडीत कोरडी. हे काम कंटाळवाणं असतं आणि याचे पैसे कोणी देत नाही, म्हणून कोणी करत नाही. पण वर्षानुवर्षांच्या मळीवर गळती शोधणं म्हणजे वेळ घालवणं आहे. कोरड्या भागावर मी कॅरमची पावडर शिंपडतो. पोरांनी बोर्ड मोडला, डबा माझ्याकडं आला. पांढऱ्यावर काळं तेल जिथून निघतं तिथून रेघ पडत येते, आणि रेघेचं वरचं टोक बघायचं. बाजारात तेलात घालायचा चमकणारा रंगही मिळतो, तो घालून अतिनील दिवा मारला की वाट पिवळी-हिरवी उजळते. दिवा वेगळा घ्यायची गरज नाही, नोटा तपासायचा चालतो, माझा किराणावाल्या मित्राकडून आणलेला आहे. फक्त डिझेलच्या काजळलेल्या तेलात तो रंग नीट उठत नाही. घालायचाच असेल तर तेल बदलताना घालावा. दाजींच्या जीपला म्हणून पावडरच.

जीप ओगलेवाडी स्टेशनपर्यंत फिरवून आणली, गरम इंजिनावर पुन्हा खाली शिरलो. वरून एकही रेघ नाही. टॅपेट कव्हर कोरडं, प्रेशर स्विच कोरडा, चेंबरची कड कोरडी. आणि तळाच्या भोकाशी नवा काळा थेंब. म्हणजे तेल आतूनच, इंजिनाच्याच बाजूनं. आधीच्या गॅरेजचं निदान इथवर बरोबर होतं, हे कबूल करायला हवं.

पण नवं सील महिनाभरातच का गेलं? दरवेळी डुप्लिकेट मालाच्या डोक्यावर खापर फोडणं मला पटत नाही. खोटा माल बाजारात आहेच, नाही असं नाही. पण सील ही रबराची एक ओठासारखी कड असते, मागं बारीक स्प्रिंग. तेल उडालेलं अडवायला ती केलेली असते. आतून दाब आला तर ती अडवू शकत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी रबर लावून बसवली. पिशवी फुगली. हळूहळू नाही, टरारून फुगली. दाजी बघत होते.

"हे काय, श्वास घेतंय व्हय?"

"सोडतंय. आणि त्याला सोडायला दुसरी जागा नाही."

प्रत्येक इंजिनात थोडा वायू पिस्टनच्या रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतोच. आम्ही त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. तो बाहेर पडायला ब्रीदर असतो. दाजींच्या जीपचा ब्रीदर उघडला तर आतली जाळी काळ्या लोण्यासारख्या मळीनं लिंपलेली. त्याच्या पुढची रबरी नळी कधीतरी बदललेली, मूळ नळीपेक्षा बारीक, आणि वळणावर चेपून तिचं तोंड मिटलेलं. वायूला वरून वाट नाही म्हटल्यावर तो जिथं सगळ्यांत कमकुवत दार आहे तिथून जाणार. ते दार म्हणजे मेन सील. त्यावर दुसरं नवं सील घातलं असतं तरी तेच झालं असतं, पावती कितीही खरी असली तरी.

ब्रीदर धुतला, योग्य मापाची नळी टाकली, पिशवी पुन्हा लावली. आता फुगत होती, पण सुस्त. रिंगा थोड्या झिजलेल्या आहेत हे त्यावरून कळलं. गळती कमी झाली, थांबली नाही. शिवाय क्लच प्लेट तेल प्यायलेली होती, ती घाटात चालणार नव्हती. मग गिअरबॉक्स उतरवायचं ठरलं. त्याआधी एक शेवटची तपासणी, जी फुकट आहे आणि जिला अर्धा मिनिट लागतो. पोराला क्लचचं पॅडल दाबायला सांगितलं आणि मी पुढं क्रँकच्या पुलीवर नजर ठेवली. पॅडल दाबल्यावर पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढं सरकली, तर थ्रस्ट वॉशर झिजलेत, क्रँक मागंपुढं खेळतोय, आणि काम सीलच्या पलीकडं गेलं. दाजींचं नशीब चांगलं, पुली जागची हलली नाही.

गिअरबॉक्स खाली आला. इथं घाई करून लगेच पुसायला जाऊ नका. सगळ्यांत जास्त माहिती याच क्षणी असते आणि ती पुसायच्या सुती वेस्टच्या एका फटक्यात जाते. मी आधी मोबाइलवर फोटो काढतो. तेल मागच्या मेन सीलमधून आलेलं असेल तर ते फ्लायव्हीलच्या इंजिनाकडच्या तोंडावर पडतं, फिरण्यानं मधून कडेकडं फेकलं जातं, आणि हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर गोल पट्टा उमटतो. इनपुट शाफ्टच्या सीलमधून आलेलं असेल तर रिलीज बेअरिंगची नळी ओली, प्रेशर प्लेटची बोटं ओली, क्लच प्लेटचे मधले दाते ओले, आणि फ्लायव्हीलची इंजिनाकडची पाठ कोरडी. वरून ओघळ खाली आलेला असेल तर तो ओघळ सीलच्या वर, गॅलरी प्लग किंवा कॅमच्या झाकणापासून सुरू होतो. एक चौथा प्रकार आहे, तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं क्रँकमधून आरपार गेलेली असतात. बोल्ट बसवताना आट्यांना सीलंट लावलं नाही तर तेल आट्याआट्यांतून फिरत फ्लायव्हीलच्या क्लचकडच्या तोंडावर येतं. सील कोरडंठाक, आणि प्लेट मात्र तेलात. अशा गाडीला सील बदलून काय होणार?

दाजींच्या जीपला फ्लायव्हीलची पाठ काळी, मधून बाहेर फेकल्याच्या रेघा, इनपुट शाफ्ट कोरडा. फ्लायव्हील काढलं. सील दिसायला नवंच होतं, ओठ शाबूत, स्प्रिंग जागेवर. खोटा माल वगैरे काही नाही. ते उपसून काढलं आणि क्रँकच्या ज्या गोल भागावर सीलचा ओठ फिरतो तिथं नख फिरवलं. नख अडलं. जुन्या सीलनं इतक्या वर्षांत तिथं बारीक खाच पाडली होती आणि नवं सील ठोकून अगदी तळापर्यंत, त्याच जागी बसवलं होतं. त्याचा ओठ बरोबर त्याच खाचेत फिरत होता. वरून दाब, खालून खाच, रबरानं करायचं काय?

अशा वेळी दोन वाटा असतात. खाचेवर पातळ स्टीलची बाही चढवता येते. तिची जाडी पाव मिलीमीटरच्या आसपास असते, म्हणून सीलचं माप बदलावं लागत नाही. दुसरी वाट, हाउसिंगमध्ये जागा असेल तर सील दीड-दोन मिलीमीटर अलीकडं बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. इथं जागा होती, आम्ही तेच केलं. सगळीकडून सारखं बसलंय का ते व्हर्निअरनं मोजून. तिरकं बसलेलं सील पहिल्याच दिवशी गळतं. रबरी सीलच्या ओठाला बसवण्याआधी तेलाचा हात लावायचा. हल्लीच्या काही इंजिनांत टेफ्लॉनच्या ओठाचं सील येतं, त्याला मात्र तेल लावायचं नाही, ओठाला बोटही नाही, ते कोरडंच बसतं. पाकिटावर लिहिलेलं असतं, पाकीट आधी फाडून टाकायची घाई असते.

इतकं उघडलंय तर इनपुट शाफ्टचं सीलही घातलं, कोरडं असलं तरी. त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स कोण उतरवणार? पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) हातानं फिरवून बघितलं, खरखरत होतं, ते बदललं. प्लेट नवी. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन, जाळून पुन्हा घालणारे आहेत. चार दिवस चालते. घाटाच्या गाडीला मी ते करत नाही.

जुन्या गाड्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. अँबॅसिडरच्या जुन्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनात मागं रबरी सील नव्हतंच. क्रँकवर उलट्या आट्यासारखी चकरी कोरलेली असायची, ती फिरताना तेल आत ढकलायची. इंजिन थांबलं की ढकलणारं कोणी नाही, म्हणून उभ्या गाडीखाली थेंब पडणारच. विलिसच्या जुन्या जीपच्या इंजिनात दोरीचं पॅकिंग. तीही थोडी पाझरायची. माझे उस्ताद म्हणायचे, या गाड्यांखाली तेल दिसलं नाही तर आधी गेज बघ, तेल संपलं असेल. त्या पिढीच्या गाडीत पूर्ण कोरडा जोड मागणाऱ्या मालकाला मी हात जोडतो. एक हौशी सद्गृहस्थ आहेत साताऱ्यात, पांढऱ्या फरशीच्या पोर्चमध्ये अँबॅसिडर लावतात आणि दर महिन्याला मला फोन करतात. त्यांना मी ट्रे ठेवायला सांगितलाय.

गिअरबॉक्सकडून येणाऱ्या गळतीतही दाबाचा हाच खेळ असतो, फक्त तिकडं लोक कमी बघतात. गिअरबॉक्सलाही स्वतःचा छोटा ब्रीदर असतो, वर, टोपीसारखा. उसाच्या रानात, चिखलात फिरणाऱ्या पिकअपला तो मातीनं बुजतो. तेल गरम झालं की आतली हवा फुगते आणि पुढच्या सीलमधून तेल बेल हाउसिंगमध्ये ढकलते. दुसरं कारण म्हणजे जास्त तेल. लेव्हल प्लग काढून, गाडी सपाट जागेवर ठेवून, भोकाच्या काठापर्यंतच भरायचं असतं. उतारावर उभ्या गाडीत "मावतंय तेवढं" भरलं की जादाचं तेल वाट शोधणारच. एका दुधाच्या पिकअपचं असंच निघालं. प्लग काढल्यावर अर्धा मगभर तेल बाहेर आलं. ब्रीदर तारेनं मोकळा केला. गिअरबॉक्स उतरवलाच नाही. मालकाला वाटलं मी काम टाळतोय. अजूनही ती गाडी दूध घालते.

तुमच्या गाडीला कोणी मेन सील सांगितलं तर वाद घालू नका, फक्त विचारा. तेल कुठलं आहे ते बघितलं का? वरून धुऊन, फिरवून पुन्हा बघितलं का? ब्रीदर उघडला का? चांगला मिस्त्री या प्रश्नांवर चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं. आणि गिअरबॉक्स उतरलाच तर, शक्य असेल तर, पुसायच्या आधी स्वतः जाऊन बघा. नाही जमलं तर फोटो मागवा.

दाजींची जीप सध्या घाट चढतेय. क्लच धरतो, तळाच्या भोकात बोट घातलं तर काळी कोरडी भुकटी लागते. पिशवीची परीक्षा मात्र मी दर सर्व्हिसला घेतो, आणि ती मागच्या वेळेपेक्षा जरा लवकर फुगायला लागलीय. रिंगांचं काम करावं लागणार आहे. दाजींना खर्चाचा आकडा सांगितला, तर म्हणाले, "दिवाळीची गर्दी जाऊ दे मिस्त्री, मग बघू." मी म्हटलं, ठीक आहे, तोवर आठवड्याला ब्रीदरची नळी बघत जा, आणि गेज उतरलं तर घाटात न जाता इकडं या.